नामदेवकाकाचं दुसरं बारसं

आत्या होऊन मी आयुष्यात एकाच बाळाचं नाव ठेवलं. बाळ अडतीस वर्षांचं होतं. त्याला मिशा होत्या, नडगीवर भाजल्याचा हातभर डाग होता, आणि ते सिंगापूरची लढाई पाहून आलेलं होतं. पुढे माझ्या तिन्ही भावांना मुलं झाली. दर बारशाला भावजया म्हणायच्या, बाई, या पुढे, पाळण्यापाशी मान तुमचा. आणि दर वेळी माझी कंबर धरायची, नाही तर मला चुलीवरच्या भाताची काळजी लागायची. धाकट्या बहिणीला पुढे करून मी मागे सरकायची. लोकांना वाटलं, चंद्रभागेला मानपानाचा सोस नाही. सोस कसला घेऊन बसलात! लाज होती ती. एका माणसाच्या कानाशी तोंड नेऊन मी काय केलं होतं ते मला एकटीला माहीत होतं. आता ऐंशी उलटली, सांगून टाकते. मी शाळेत गेले नाही, अक्षरं शिकले ती लग्नानंतर, पोरांच्या पाट्या पुसता पुसता. तेव्हा बोलते तसंच लिहीन. सांभाळून घ्या.

आमचं गाव जऊळक्याच्या स्टेशनापासून कोसभर आत. नामदेवकाका आमचा शेजारी. आमच्या दोन घरांत एक कुडाची भिंत, तिला एवढं मोठं भगदाड, त्यातून विस्तव द्यायचा आणि ताक घ्यायचं. काका शेतकऱ्याच्या घरात जन्मला, पण शेतात त्याचा जीव रमला नाही. तो वाशिमला कापसाच्या जीनमध्ये फिटर होता. लढाई लागली तेव्हा फौजेला फिटर हवे होते. काकानं पेटी उचलली आणि गेला. फौजेत त्यानं बंदूक कमी आणि पाना जास्त धरला. पाण्याच्या नळांवर त्याची नेमणूक. मी तेव्हा लहान, मला त्याचं जाणं आठवत नाही. आठवतं ते त्याचं मरण.

ते असं झालं. जपान्यानं सिंगापूर घेतल्याची बातमी बाजारातून गावात आली, आणि काकाची पत्रं बंद पडली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. त्याचा थोरला भाऊ पुंडलिक. त्याचं एक मूल गोवरात गेलं, मग एक बैल बसला तो उठलाच नाही. कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की नामदेवाचा जीव पाणी मागत घराभोवती फिरून राहिला आहे. जोशीबुवाला विचारलं. माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट पाहावी, मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यावा, असा रिवाज. बुवा म्हणाला, बारा वर्षं शांततेच्या काळात, लढाईच्या काळात तिथं कोण उरतं! आमच्या गावानं तीन वर्षंसुद्धा काढली नाहीत. आमच्याकडे पळसाला काय तोटा. गाडीभर पानं आली. मी आणि माझी मैत्रीण गंगी, आम्हीसुद्धा देठं मोडून दिली, खेळ म्हणून. पानांचे हात, पानांचे पाय, डोक्याच्या जागी नारळ. गोदाकाकूनं, म्हणजे नामदेवकाकाच्या बायकोनं, त्या नारळाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “थे याह्यचं डोकं नव्हे. याह्यचं डोकं चपटं आहे.” बाया हसल्या. मग त्याच बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. उन्हाळा होता. गोदाकाकू गोठ्यामागे गवऱ्या थापत होती, मी शेणाच्या पाट्या उचलून देत होते. कुंपणापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. वाळलेला, खाकी चड्डी, खांद्यावर लोखंडी पेटी. त्यानं काकूच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं, मग कपाळाकडे. काकूनं शेणाचा हात तसाच कपाळावर नेला आणि कपाळ झाकलं.

“कोन गेलं गोदे?” तो म्हणाला.

काकूनं हात कपाळावरून काढला नाही.

“तुमी.”

एवढंच बोलणं झालं त्यांचं. तोवर पुंडलिकाची बायको बाहेर आली, तिनं किंकाळी फोडली, आणि अर्धा गाव गोळा झाला. कोणी त्याच्या पायाकडे पाहत होतं, पाय उलटे आहेत का म्हणून. कोणी सावली पाहत होतं. काकानं पेटी खाली ठेवली आणि म्हणाला, “सावली पडून राह्यली न बाप्पा माही? मंग पानी आना प्याले.” पाणी आणायला कोणी हललं नाही. मेलेल्या माणसाला घरचा लोटा कसा द्यायचा? शेवटी त्यानं बैलांच्या डोणीतून ओंजळीनं पाणी प्यायलं. मी दहा-अकरा वर्षांची होते. तेव्हा मला त्यात गंमत वाटली होती.

जोशीबुवा आला. म्हणाला, आनंदच आहे, पण ज्याला अग्नी दिला तो तसाच घरात घेता येत नाही. त्यानं पुन्हा जन्मलं पाहिजे. त्याला तुपानं माखायचं, न्हाऊ घालायचं, पाळण्यात घालायचं, नवं नाव ठेवायचं, आणि मग त्याच बायकोशी त्याचं लग्न लावायचं. एका दिवसाचं काम. तोवर त्यानं गोठ्यात राहावं, आणि गोदानं कुंकू लावू नये. नाव काय, तर धोंडू. घरात मूल जगत नसलं की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू ठेवतात न, यमानं फिरून पाहू नये म्हणून, तसं.

“मी मेलोच नाही, तं पुन्हा जन्मू कायले?” काका म्हणाला. “चूक तुमी केली अन् रांगायचं मी?”

पुंडलिक म्हणाला, “नाम्या, एका दिवसाची तं गोष्ट आहे.”

“दादा, आता तू मले काय म्हनला? नाम्या म्हनला न? मंग नामदेव जित्ता आहे. झालं.”

झालं काही नाही. काका पाच-सहा महिने गोठ्यात राहिला. गोदाकाकूनं त्याच्यापाशी जाणं बरं दिसेना, ती विधवा आणि हा मेलेला, म्हणून भाकर पोचवायला कुडाच्या भगदाडातून मला बोलवायचे. असा माझा आणि काकाचा घरोबा झाला.

काय माणूस होता! चालताना पावलं मोजायचा. गोठ्यापासून विहीर एकशे बारा पावलं, विहिरीपासून मारुती चौऱ्याऐंशी. बसला तर ताठ, पाठीला भिंत लावायचा नाही. भाकर खाऊन झाली की लोट्यात उरलेलं पाणी फेकायचा नाही, तोंडात धरून हळूहळू गिळायचा. कोणी चूळ भरून पिचकारी मारली की त्याच्या कपाळाला आठी. “अबे, पानी आहे थे,” म्हणायचा, “थुका नव्हे.” आणि हातात कायम काहीतरी मोडकं. कोणाचा कंदील, कोणाचं कुलूप, कोणाची चरकाची कडी. जे लोक त्याला लोट्यातून पाणी देत नव्हते तेच कुलूप घेऊन यायचे. दूरच ठेवायचे, तो दुरुस्त करून दूरच ठेवायचा. जाताना म्हणायचे, “मुडद्याचा हात चांगला आहे हो.” मुडदा हेच त्याचं नाव पडलं होतं पोरांत. आम्ही गोठ्यावरून पळताना म्हणायचो, मुडद्या मुडद्या, भाकर खाल्ली का? मी भाकर नेऊन द्यायची तीसुद्धा, आणि गंगीबरोबर असले की म्हणायचीसुद्धा.

सिंगापूर म्हणजे काय ते त्यानं मला गोठ्यातल्या भुईवर काडीनं काढून दाखवलं.

“हे बेट. केवढं? मेडशीहून निंगालं अन् वाशिमले पोचलं का बेट संपलं.”

“मंग त्याच्यासाठी एवढी लढाई?”

“बेट लहान आहे, पन समुद्राच्या नाक्यावर बसलं आहे न पोरी. इकडून चीन, तिकडून आपला देश. ज्यानं नाका धरला त्याची जकात. म्हून इंग्रजानं धरला. तिथचा मानूस थोडा, बाहेरून आनलेला लय. चिनी दुकानं चालवते, मद्रासी रबर काढते, मलायी मासोया धरते, गोरा सगळ्यायवर बसते. अन् परत्येकाची आळी येगळी, साहेबानं नकाशावर रेघा मारून दिलेली. तू इथं, तू तिथं.”

“आपल्या गावासारखं.”

काकानं माझ्याकडे पाहिलं. “हौ,” म्हणाला. “आपल्या गावासारखं. फक्त तिथं साहेब होता, इथं कोन आहे थे मले अजून समजलं नाही.”

मग तो पाण्यावर यायचा. पाण्याची गोष्ट सांगताना त्याचा आवाजच बदलायचा. बेटाच्या चहूकडे समुद्र, आणि प्यायला थेंब नाही. अर्धं पाणी पलीकडच्या मुलखातून यायचं, एका लांबच लांब बांधावरून, मोठ्या नळानं. इंग्रजानं तोफा लावल्या त्या समुद्राकडे तोंड करून. “अन् जपानी आला मांगच्या दारानं, जंगलातून, सायकलीवर! इंग्रज घाबरला, त्यानं बांध उडवून देल्ला. जपान्याले आडवाले गेला अन् सोताचा नळ तोडून बसला.” मग बेटावरची तळीसुद्धा जपान्यानं घेतली. शहरात लाखांनी माणूस दाटलेला. वरून बाँब, खाली फुटलेले नळ, आणि काका त्या नळांच्या मागे धावतोय. “एक जोडला का दोन फुटे. शेवटी गोऱ्या साहेबानं पांढरं निशान धरलं. लोक म्हन्तेत तोफा हारल्या. मी पाहिलं न. पानी हारलं.”

मग आमच्या माणसांना मैदानात बसवलं. गोरे एकीकडे, हिंदी शिपाई एकीकडे. त्यांच्याच साहेबानं सांगितलं, आजपासून तुम्ही यांचे. बस. एखादा बाजारात बैलाचं दावं दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळा होतो तसं. पुढे काही जण देश सोडवायचा म्हणून नव्या फौजेत गेले, काही गेले नाहीत आणि त्यांचे हाल झाले.

“तू कोनात गेला काका?” मी विचारलं. मला वाटलं होतं आता तो काही पराक्रम सांगेल.

“मी? मी नळावर. मले कोनी विचारलंच नाही. फिटर सगळ्यायले लागते. इंग्रज गेला, जपानी आला, फिरून इंग्रज आला. नटाचे आटे तेच होते.”

आणि त्यानं हेही सांगितलं की जपान्यानं आल्या आल्या शहराचं नावच बदललं. शोनान म्हणायचं. सिंगापूर म्हटलं की थोबाडीत. पाट्या बदलल्या, घड्याळंसुद्धा बदलली, जपानात जेवढे वाजले तेवढेच इथं वाजले म्हणायचं. “लोक बाहेर शोनान म्हनत, अन् घरात दार लावून सिंगापूर. बाहेरच्या कानासाठी एक अन् घरच्या कानासाठी एक.”

एक गोष्ट त्यानं एकदाच सांगितली. हातातलं कुलूप खाली ठेवून सांगितली, तेवढ्यावरून मला कळलं की ही वेगळी आहे.

त्याच्या बराकीमागच्या गल्लीत एक चिनी शिंपी होता, आसेंग नावाचा. काकाच्या चड्ड्या शिवायचा, बिनदुधाचा चहा पाजायचा. त्याला नामदेव म्हणता येईना. नामदे म्हणायचा. जपान्यानं शहर घेतल्यावर चिनी बाप्यांना रस्त्यांवर गोळा केलं. तोंडावर बुरखा घेतलेला एक माणूस बसवलेला, तो मान हलवी, की हा आमच्या विरुद्ध. ज्याच्यावर मान हलली तो लॉरीत. काका त्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर नळ जोडत होता, जपानी शिपाई शेजारी उभा.

“आसेंगले लॉरीकडे नेत होते. त्यानं मले पाहिलं. वरडला, नामदे! नामदे! दोन खेपा. त्याले वाटलं असंन, हा मानूस सांगन का मी निसता शिंपी आहे.”

“मंग?”

“मंग काय? मी वर पाहिलं नाही. आटे फिरवत राह्यलो. आटे बसले होते चंद्रे, तरी फिरवत राह्यलो. लॉऱ्या समुद्राकडे गेल्या. परत आल्या त्या रिकाम्या.”

मी भाकरीचं फडकं हातात धरून उभी.

“मी बोललो असतो तं वाचला असता काय? नसता. मलेबी घातलं असतं लॉरीत. पन वर तं पाहाचं होतं. माह्या नावाची हाक होती थे.” मग कुलूप पुन्हा हातात घेऊन म्हणाला, “आता हे म्हन्तेत, नाव टाक. मी नाव टाकलं तं त्यानं हाक कोनाले मारली होती?”

मला ते समजलं. नीट ऐका, मी पोर होते पण मला ते समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

दिवाळीच्या पाडव्याला गोष्ट फिरली. बायका नवऱ्यांना ओवाळतात तो दिवस. गोदाकाकूनं तबक केलं, दिवा लावला, आणि पदर पुढे ओढून गोठ्याच्या दारापर्यंत आली. पुंडलिकाच्या बायकोनं तिचा हात धरला. सगळ्या आळीसमोर म्हणाली, “अवो, रांडेनं कोनाले ओवाळाव? लाज आहे का नाही?” तबक पडलं. दिवा शेणात विझला. काका दारात उभा होता, ताठ. काकू खाली बसून सांडलेले तांदूळ एक एक वेचायला लागली. काका तिच्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकाला म्हणाला, “घाला मले पाळन्यात.”

बारशाला आत्या हवी. काकाला बहीण नव्हती. आणि मेलेल्या माणसाच्या कानाला तोंड लावायला आळीतली एकही बाई तयार होईना. मग सगळ्यांना माझी आठवण झाली. पोट्टी भाकर नेते, तिला भीती नाही. माझी आई नाही म्हणाली, मग जोशीबुवानं सांगितलं की कुमारिकेला बाधा होत नाही, मग ती हो म्हणाली. मला तर आकाश ठेंगणं झालं. एवढ्या बायांत मी आत्या!

आदल्या दिवशी भाकर घेऊन गेले तेव्हा काका मला म्हणाला, “आत्या, ये बस.” पहिल्यांदा आत्या म्हणाला तो मला. मी हसले. तो हसला नाही.

“उद्या तू पयले माह्या कानात नाव सांगशीन. मंग मोठ्यानं सगळ्यायले. मोठ्यानं सांगशीन थे धोंडूच सांग, त्याह्यचं म्हननं राहू दे. पन कानात,” त्यानं दाराकडे पाहून घेतलं, “कानात माहं नाव सांग. नामदेव. कोनाले ऐकू नाही जानार. तुले अन् मले ठावं. मंग बाकीचे काहीबी म्हनोत, मी चालवून घेईन. सांगशीन न?”

“सांगन काका.”

“गळ्याची आन?”

मी गळ्याला चिमटा घेऊन आन घेतली.

हे मी पोटात ठेवायला हवं होतं. संध्याकाळी विहिरीवर गंगीला सांगितलं. गंगी पाटलाची, तिच्या खेळात घेतलं तर घेतलं. ती म्हणाली, “नामदेव तं कोनीबी म्हनन. तू कानात मुडदा म्हनून दाखव. मंग मानू तुले.” मी म्हटलं, हट. ती म्हणाली, “भेली! भेली! मुडद्याची भाकरवाली भेली!” आणखी दोघी होत्या, त्याही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जऊळक्याहूनसुद्धा लोक आले होते, तमाशाला यावं तसे. काकाला उघडा करून अंगाला तूप चोळलं. माशा बसत होत्या, आणि हात हलवायचा नाही, बाळ कुठं माशा हाकलतं? मग न्हाऊ घातलं. लुगड्याची झोळी दोन मेढींना बांधली होती, ती काही त्याला पेलेना, मग खाली घडवंची लावली. पाय बाहेर. कोणी म्हणालं, “बाळाले दुदू पाजा वो!” कोणी म्हणालं, “दात निंगाले का पाहा!” अंगण हसून हसून लोळत होतं. माझे वडील हसत होते, आई तोंडाला पदर लावून हसत होती. जोशीबुवासुद्धा. गोदाकाकू तेवढी ओसरीच्या खांबाआड तोंड करून उभी. आणि काका डोळे मिटून त्या झोळीत, मान उजवीकडे कलंडलेली, हात छातीवर.

मला पुढे ढकललं. मी वाकले. तुपाचा वास आला. मागे गंगी माझ्या परकराचा काठ ओढत होती. बायांनी पाठीवर धपाटे घालायला सुरुवात केली, रीत असते ती, कुर्रर्र म्हणत. इतकी माणसं माझ्याकडे पाहत होती. मला हसू आलं. ते आवरेना. आणि त्या हसण्यात मी काकाच्या कानाला तोंड लावून म्हणाले, “मुडदा.”

मग उभी राहून मोठ्यानं ओरडले, “धोंडू!”

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. काकानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरलेले होते. पाणी कानशिलावरून खाली झोळीत ओघळलं. कोणीतरी म्हणालं, “रडलं! बाळ रडलं! जित्तं आहे!” आणि पुन्हा हशा. गंगीनं मला मिठी मारली. मी तिची मिठी सोडवली.

दुपारी त्यांचं लग्न लागलं. गोदाकाकूच्या कपाळावर कुंकू आलं, हातात हिरव्या बांगड्या आल्या. ती बिचारी सारखी कपाळाला हात लावून पाहत होती, आहे का म्हणून. तेवढं एक त्या दिवसात चांगलं झालं. बाकी आम्ही सगळ्या गावानं मिळून एका भल्या माणसाला नागवं केलं आणि जेवून, हात धुऊन घरी गेलो.

त्यानंतर मी कुडाच्या भगदाडापाशी जाणं सोडलं. विस्तव आणायला धाकट्या बहिणीला पाठवायची. काकाचं तसं सगळं सुरळीत झालं. घरात जेवू लागला, पंगतीत बसू लागला, गावात धोंडू, कागदावर धोंडू. मी समोर आले की म्हणायचा, “काय आत्या, भाच्याले विसरली?” आणि मी खाली मान घालून सटकायची. मला वाटायचं, हा मला टोचतो आहे. पोळ्याला त्यानं माझ्यासाठी पितळेचा एवढासा नळ केला, खेळायचा, चावी फिरायची त्याची. बहिणीच्या हाती पाठवला. मी तो घेतला नाही. बहीण खेळली त्यानं.

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली असतील, माझं लग्न झालं. चौदावं वर्ष. सासर अकोल्याकडे, गाडीनं जायचं. जऊळक्यापर्यंत सगळे बैलगाड्यांनी आले. माझी पेटी उचलायला काका आला होता, कोणी सांगितलं नव्हतं, आपणच. फलाटावर माणसं आपापल्या बोलण्यात, गाडीला अवकाश होता. त्यानं पेटी ठेवली आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

“आत्या, एक विचारू काय? रागवू नको.”

आला तो दिवस, म्हटलं.

“थ्या दिवशी तू माह्या डाव्या कानात बोलली,” तो आवाज उतरवून म्हणाला. “मी झोळीत असा पडलो होतो का उजवा दबला होता. डाव्या कानानं मले ऐकू येत नाही. बाँब पडला तवापासून पडदाच गेला. गावात कोनाले सांगितलं नाही, म्हटलं आंधीच मुडदा म्हन्तेत, अजून भयराबी म्हनतीन.” तो हसला. “तुह्या तोंडाची वाफ लागली कानाले. तेवढंच समजलं. पन मले पक्कं ठावं होतं तू काय सांगितलं थे. डोयेच भरून आले माहे. म्हटलं, इतक्या लोकायत एक तं पोरगी आहे... लोक धोंडू म्हन्तेत, मी ओ देतो. द्याव लागते. आतून मले ठावं आहे न, माहं नाव कोनी सांगून ठेवलं आहे.” मग एकदम पोरासारखं म्हणाला, “तरी एक खेप तुह्या तोंडून आयकाव वाटलं. तू तं आता चालली. नाव तेच होतं न?”

गाडी येताना दिसत होती. माझी सासू चार हातांवर उभी. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, मला दिसलंच नव्हतं इतक्या दिवसांत.

“हौ काका,” मी म्हणाले. “तेच होतं.”

“पाहा!” तो म्हणाला. गुडघ्यावर हात मारून उभा राहिला. शेजारी कोणी अनोळखी हमाल होता त्याला म्हणाला, “माही आत्या आहे थे!” हमाल एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहून हसायला लागला.

पेटी त्यानंच चढवली. गाडी हलली तसा तो खिडकीबरोबर चालू लागला. पावलं मोजत नव्हता. हात वर करून सगळ्या तोंडानं हसत होता. फलाट संपला तिथं थांबला, तरी हसतच होता. एवढा आनंदी त्याला मी कधी पाहिला नव्हता, आणि पुन्हा पाहिलाच नाही. दोन वर्षांनी माहेरी गेले तेव्हा तो नव्हता.

मी पदर तोंडावर ओढून घेतला आणि जी रडायला लागले ती थांबेना. सासूनं माझ्या पाठीवर हात ठेवला. डब्यातल्या बायांना म्हणाली, “रडू द्या वो तिले. माहेर सुटलं लेकराचं.”

मी तिला तसंच समजू दिलं.